काका, कांदा आणि एक छेद दोन

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि नळ अजून कोरडाच होता. आमच्या भागात पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी यायचं, त्या दिवशीही नक्की किती वाजता ते सांगता येत नाही. माझी भाची पिंपाला टेकून, दहावीचं गणित भाग एक मांडीवर घेऊन संभाव्यतेची उदाहरणं सोडवत बसली होती. मी सहज विचारलं, "आज पाणी यायची संभाव्यता किती गं?"

"एक छेद दोन," ती मान वर न करता म्हणाली. "येईल, नाहीतर नाही येणार. दोनच की, आत्या."

या हिशेबानं सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेलं की माळढोकासारखा दुर्मीळ पक्षी दिसायची संभाव्यतासुद्धा एक छेद दोन. लोक दुर्बिणी घेऊन जातात आणि काळविटं बघून परत येतात, ते काय उगाच?

मी अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिते. बी.कॉम.ला संख्याशास्त्र होतं, पास झाले एवढंच. दादानं लेकीला दहावीसाठी माझ्याकडे सोलापूरला ठेवलं आणि त्या विषयाची माझी दुसरी खेप सुरू झाली. पोरगी हुशार आहे. सूत्रं तोंडपाठ, आकडेमोड झरझर. चुकते ती सूत्राच्या आधी, नेमकं काय मोजायचं ते ठरवताना, आणि तीच चूक मी कारखान्यातही बघते.

त्या रात्री नाण्यांचं उदाहरण निघालं. दोन नाणी फेकली, निदान एक छापा मिळण्याची संभाव्यता काढा. तिनं लिहिलं: दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक. तीन शक्यता, दोन कामाच्या, उत्तर दोन छेद तीन. चूक आहे म्हटल्यावर हिरमुसली. तेव्हा तिला एका फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. दालांबेर हा केवढा मोठा गणिती, पण त्यानंही १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात या प्रश्नाचं उत्तर दोन छेद तीन असंच मांडलं होतं. त्याची वाट थोडी वेगळी. पहिल्याच फेकीला छापा पडला तर दुसरी फेक कशाला करायची, म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच गोष्टी उरतात, असं तो म्हणाला. पण त्यातला पहिला 'छापा' एकटाच निम्म्या वेळा येतो आणि बाकीचे दोघं पाव-पाव वेळा. तिघांना सारखं तोलून कसं चालेल?

भाची खुलली. मोठ्या माणसाची चूक आणि आपली चूक एकच निघाली की पोरांना फार बरं वाटतं.

मग पर्समधून एक पाचाचं आणि एक दोनाचं नाणं काढलं. दोन वेगळी नाणी घेतली की निम्मं काम होतं, कारण 'पाचावर छापा, दोनावर काटा' आणि त्याच्या उलट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोळ्यांना दिसतं. तिनं नमुना अवकाश, म्हणजे घडू शकणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी, लिहिला, आळस करून फक्त पहिली अक्षरं घेऊन: छाछा, छाका, काछा, काका. 'काका' वाचून आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या अक्कांनी पाणी आलं समजून दार उघडलं.

तरी तिला खात्री हवी होती. साठ वेळा नाणी फेकली, ताळ्याच्या खुणा मारल्या. दोन्ही छापे १७, दोन्ही काटे १२, एक-एक ३१. तिच्या तीन शक्यता सारख्या वजनाच्या असत्या तर 'एक-एक' वीसेक वेळा यायला हवं होतं. ती बराच वेळ त्या ३१ कडे बघत बसली. मग स्वतःच खोडून तीन छेद चार लिहिलं. पाणी सव्वाबाराला आलं.

खरी मजा त्याच आठवड्यात झाली. दादा मोहोळहून कांदा घेऊन मार्केट यार्डात आला होता. लिलाव झाल्यावर घरी जेवायला आला तो धुसफुसतच. "पेपरात चार हजार छापलंय. आपल्याला काय पडलं, बघ." आडत्यानं दिलेली विक्रीच्या हिशेबाची पट्टी त्यानं भाचीपुढे टाकली. ६० पिशव्या, प्रत्येकी ५० किलो. दोन पिशव्या क्विंटलला ४,००० नं, दहा २,५०० नं, चाळीस १,४०० नं आणि आठ पिशव्या चिंगळी, म्हणजे अगदी बारका कांदा, ३०० नं.

भाचीनं मध्य, म्हणजे सरासरी, काढला. चार भावांची बेरीज ८,२००, भागिले चार, २,०५०. मध्यक, म्हणजे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला, मधले दोन भाव १,४०० आणि २,५००, म्हणजे १,९५०. दादाचा चेहरा आणखी पडला. "मग ३० क्विंटलचे एकसष्ट हजार पाचशे व्हायला पाहिजेत. आडत्यानं बुडवलं काय?"

आडत्यानं काही बुडवलं नव्हतं. हिनं पट्टीवरच्या ओळी मोजल्या होत्या, पिशव्या मोजल्याच नव्हत्या.

मी फक्त एवढंच म्हटलं, "साठही पिशव्या भावाप्रमाणे एका रांगेत लाव आणि तिसावी-एकतिसावी कुठं येते ते सांग." आठ चिंगळी गेली, मग नवव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत सगळ्या १,४०० च्याच. मध्यक १,४००. बहुलक, म्हणजे सगळ्यांत जास्त वेळा आलेला भाव, तर समोरच होता, चाळीस पिशव्या, तोही १,४००. आणि मध्य? प्रत्येक भावाला त्याच्या पिशव्यांनी गुणून बेरीज ९१,४००, भागिले ६०, म्हणजे १,५२३ आणि वर काही पैसे. तीस क्विंटलचे ४५,७०० रुपये. हमाली, तोलाई, गाडीभाडं त्यातून वजा. पट्टीवर नेमके तेवढेच होते.

म्हणजे १५,८०० रुपयांचा फरक निव्वळ भागाकार कशानं केला त्याचा.

पेपरात बाजारभावाच्या तक्त्यात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. ठळक मथळा मात्र जास्तीत जास्तचा, मग तो दोन पिशव्यांना का मिळालेला असेना. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावानं बहुतेक माल गेला तो, थोडक्यात पुस्तकातला बहुलक. दादा गेली वीस वर्षं तो तक्ता वाचतोय आणि गेली वीस वर्षं वरच्या आकड्यावर जीव टाकतोय. हे त्याला ऐकवलं तर म्हणाला, "तुझं पुस्तक बरोबर असंल, पण शेतकरी चार हजाराकडं बघूनच पेरतो." यावर मला काही बोलता आलं नाही.

जेवण झाल्यावर मी वाटीत दहा शेंगदाणे ठेवले. सात ताजे, तीन जुन्या डब्यातले खवट. हे दहावीला नाही, पण तिला आता खुमखुमी आली होती. डोळे मिटून दोन दाणे उचलायचे, दोन्ही चांगले निघण्याची संभाव्यता किती? ती म्हणाली, सात छेद दहा गुणिले सात छेद दहा, ४९ छेद १००.

"पहिला दाणा परत वाटीत ठेवलास का?"

"खाल्लेला कसा ठेवणार!" म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. दुसऱ्या वेळी वाटीत नऊच, चांगले सहाच. ४२ छेद ९०, म्हणजे सात छेद पंधरा. निम्म्याहून कमी. तिला ते पटेना, म्हणून वहीत सगळ्या ४५ जोड्या लिहून काढल्या, त्यात चांगल्या २१ निघाल्या.

तोवर दादानं वाटीतले दोन दाणे तोंडात टाकले होते. त्याचं तोंड बघून कितवा दाणा खवट ते विचारायची गरज पडली नाही.