तुम्ही विचारलंत म्हणून: अजून खालिद जमीलची बाजू का घेता?

फुटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, ‘एवढं होऊनसुद्धा तुम्ही खालिदच्याच बाजूने?’ खालिद म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या फुटबॉल टीमचा कोच झालेला. दरवेळी अर्धवट उत्तर देऊन कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहितो.

तुम्हाला गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम आठवतं, मलाही आठवतं. १४ ऑक्टोबर २०२५, समोर सिंगापूर, २०२७ च्या एशियन कपच्या पात्रता फेरीतली जिंकायलाच हवी अशी मॅच. पाच दिवस आधी त्यांच्याशीच सिंगापूरमध्ये आपला डिफेंडर झिंगनला रेड कार्ड मिळूनही दहा जणांनी खेळून ९० व्या मिनिटाला रहीम अलीने १-१ केलं होतं, पण त्याच कार्डामुळे गोव्यात झिंगन नाही. तरी १४ व्या मिनिटाला छांगतेने लांबून असा काही मारला की मी टीव्हीसमोर ओरडत उठलो आणि परत बसलोच नाही. लीड घेऊन हाफटाइमला जायचं, बस एवढंच हवं होतं, आणि ४४ व्या मिनिटाला सिंगापूरच्या साँग उई-यंगचा गोल. ५८ व्या मिनिटाला पुन्हा तोच. १-२. घड्याळ पळतंय, आपले बॉल नुसते आत टाकतायत आणि २०२७ चा एशियन कप डोळ्यांदेखत चाललाय. फार लागलं ते, अजून लागतं.

लीड टिकली नाही ही जबाबदारी कोचचीच, मान्य. पण ऑगस्टमध्ये टीम त्याच्या हाती आली तेव्हा पात्रता फेरीच्या दोन मॅचमध्ये एकच पॉइंट होता, बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगकडून हार. ते कोणाच्या खात्यात टाकायचं?

खालिद मुंबई एफसीचा कोच होता त्या दिवसांत मुंबईच्या कूपरेज ग्राउंडवर आम्हीच बोंबलायचो की नुसता लांब बॉल मारतात, हा कोच फक्त रेलिगेशन, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाणं, टाळतो. २०१६ मध्ये तो गेला, पुढच्याच सीझनला मुंबई तळाला जाऊन रेलिगेट झाली आणि त्याच सीझनला त्याने मिझोरामच्या ऐजॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली. तेव्हापासून मी म्हणत आलो की मुंबईत पैसाच नव्हता, तो तरी काय करणार. पण पैसा ऐजॉलकडे तरी कुठे होता? याचं उत्तर मला अजून जुळवता आलेलं नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हरलो त्याचा बचाव मी करत नाही. पण गोव्याच्या सावियो मेदेरानंतर तेरा वर्षांनी आपला भारतीय माणूस कोचच्या खुर्चीत बसला आणि तुम्ही तीन महिन्यांत हिशोब मागायला लागलात, हे मला पटत नाही.