ताणावरचा उतारा गल्लीतल्या भजनात

ताण कमी करण्याचा उपाय विचारला की आजकाल कोणी चूर्ण सुचवते, कोणी गोळी, तर कोणी मोबाईलमधले अॅप. ते सगळेच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या सीमाभागात मन हलके करण्याच्या ज्या रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, त्यांच्याकडे आपण निव्वळ रूढी म्हणून पाहतो आणि शरीरावर त्यांचा काय परिणाम होतो हे समजून घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. त्यांपैकी संध्याकाळचे भजन मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याचे कारण जितके भक्तीत आहे तितकेच श्वासातही आहे.

काळजीने घेरलेल्या माणसाकडे नीट पाहिले तर त्याचे खांदे वर चढलेले असतात, जबडा आवळलेला असतो आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलेला असतो. अशा माणसाला ‘शांत हो’ म्हणून काही साधत नाही, कारण हृदयाचे ठोके कोणाच्याही हुकमाने मंदावत नाहीत. श्वासाचे मात्र तसे नाही. तो आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही लांबवता येतो. मनगटावर बोटे ठेवून संथ श्वासोच्छ्वास केल्यास अनेकांना, विशेषतः तरुणांना, हे स्वतःच जाणवू शकते: श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. मेंदूपासून हृदयाकडे आणि पुढे पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची मज्जातंतूंची जोडी हे काम करते. म्हणूनच ताणाच्या वेळी ‘दीर्घ श्वास घ्या’ एवढेच सांगणे मला अपुरे वाटते. श्वास सावकाश सोडायला सांगणे अधिक महत्त्वाचे आहे.

आता भजनाकडे पाहा. बुवा पेटीवर सूर धरून चरण उचलतात, तो पुरा होईपर्यंत श्वास तोडता येत नाही, आणि मग टाळकरी तोच चरण झेलतात तेवढ्यात बुवांना नवा श्वास मिळतो. समोरच्या ओळीत बसलेल्या मंडळींचेही तसेच होते. चरण लांब असतो, लय संथ असते, आणि कोणीही न शिकवता प्रत्येकाचा सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा कितीतरी लांब होतो. पखवाजाची लय वाढत जाऊन नामाचा गजर होतो तेव्हा ही संथ गती मोडते हे खरे. पण गजर संपल्यावर मंडळी ज्या निवांतपणे मागे रेलतात, तो निवांतपणा पाहण्यासारखा असतो.

2001 साली इटलीतील संशोधकांनी 23 निरोगी व्यक्तींना लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि एक तिबेटी मंत्र म्हणायला लावून त्यांच्या श्वासाची व हृदयगतीची नोंद घेतली. दोन्ही प्रकारांत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आली आणि रक्तदाबावर लक्ष ठेवणारी शरीरातील यंत्रणा अधिक तत्पर झाल्याचे दिसले. हे संशोधन आपल्या भजनावर झालेले नाही, त्यामुळे त्यातून भजनाविषयी काढलेला निष्कर्ष माझा आहे. तरीही धर्म कोणताही असो, भाषा कोणतीही असो, नाम घोळवण्याची लय माणसाने जवळपास सारखीच निवडावी, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

आमच्या महिला भजनी मंडळात वडगावच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एक मावशी येतात. मागाच्या खडखडाटात शेजारच्या बाईशीही ओरडून बोलावे लागते, आणि ऑर्डर आली की रात्रीचे जेवणही घाईत उरकावे लागते. त्या एकदा म्हणाल्या, “दिवसभर त्या आवाजानं डोकं उठतं बघ, पण इथं एवढे टाळ वाजले तरी कधी दुखत नाही.” त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, असे मला वाटते. जो आवाज आपल्यावर लादलेला असतो तो थकवतो, आणि ज्यात आपला स्वतःचा सूर मिसळलेला असतो तो विसावा देतो. शिवाय तिथे चार बाया विचारपूस करतात, एखादी दोन दिवस आली नाही तर घरी जाऊन पाहतात. एकटेपणा हा ताणाचा फार मोठा भाग आहे, आणि त्यावर कोणत्याही काढ्याचा उपयोग होत नाही.

ज्यांना भजनाची आवड नाही किंवा ज्यांची देवावर श्रद्धा नाही, त्यांनी घरीच नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सोडावा. पाच मिनिटे पुरेशी आहेत. भ्रामरीत श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करतात, त्यानेही श्वास आपसूक लांबतो. गुणगुणताना नाकातील नायट्रिक ऑक्साइड या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या वायूचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, असे स्वीडनमधील संशोधकांनी 2002 मध्ये दाखवले होते. चक्कर आल्यास थांबावे, आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांनी तसेच गर्भवतींनी श्वास रोखून धरण्याचे प्रकार स्वतःच्या मनाने करू नयेत.

आपल्या भागासाठी पावसाळ्याचा विचार वेगळा करायला हवा. मृग लागला की बेळगावचे आकाश झाकोळते, आणि जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही. खिडक्या बंद, घरात दिवसाही ट्यूबलाइट, ओल्या कपड्यांचा वास आणि अंगात जडपणा, हे चित्र घरोघरी असते. ‘पावसामुळे कंटाळा आलाय’ असे आपण म्हणतो, पण त्यामागे उजेडाचा अभावही असतो. घरातील दिव्यांचा उजेड साधारण 100 ते 500 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर ढगाळ दिवशीही घराबाहेर तो हजार लक्सच्या पुढे आणि कधी त्याच्याही कितीतरी पट असतो. सकाळी डोळ्यांवर पडणारा हा उजेड मेंदूतील घड्याळ लावून देतो आणि रात्री झोप वेळेवर येण्याची तजवीज करतो. म्हणून छत्री घेऊन का होईना, सकाळी अर्धा तास बाहेर पडावेच. शिवारात रोपलावण करणाऱ्या बायकांना हे सांगण्याची गरज नाही. ते सांगायला हवे दुकानात, कचेरीत आणि स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्यांना.

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोचा परिसर त्यासाठी मला फार आवडतो. देवीच्या रोगावरील लसीमुळे नाव मिळालेल्या या जागेत जुनी, डेरेदार झाडे आहेत आणि पावसात त्यांच्या बुंध्यांवर शेवाळ आणि नेचे दाटून येतात. झाडे नुसती दिसली तरी माणसाला बरे वाटते, याला आधार आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असा निष्कर्ष 1984 साली प्रसिद्ध झाला होता. शहरातील अशी हिरवी जागा राखण्याचा प्रश्न म्हणूनच माझ्या दृष्टीने आरोग्याचा प्रश्न आहे. आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज पंचवीस मिनिटे झपझप चालल्यास ती सहज भरून निघते.

चहाविषयी थोडक्यात. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी उशिरा घेतलेला कडक चहा रात्री दहालाही काम करत असतो. पावसात गरम काहीतरी हवेच असेल तर परसातला गवती चहा आणि आले उकळावे, चहापूड न घालता.

अश्वगंधेबद्दल मला अनेक जणी विचारतात. काही लहान, थोड्या कालावधीच्या चाचण्यांत तिने ताण कमी झाल्याचे व झोप सुधारल्याचे आढळले आहे, हे खरे. परंतु तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत, थायरॉइडच्या औषधांशी तिचा संबंध येऊ शकतो आणि गर्भारपणात ती टाळण्याचा सल्ला दिला जातो. झाडपाल्याचे आहे म्हणजे निर्धोकच असणार, हा समज सोडायला हवा. पारंपरिक औषधींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच बेळगावात आहे. औषधी वनस्पतींनाही कसून तपासावे लागते, एवढे तरी तिच्या अस्तित्वावरून आपण ओळखावे. अश्वगंधा घेत असल्यास आपल्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

आणि जिथे भजन, चालणे, झोप यांपैकी काहीच लागू पडत नाही, दोन आठवडे उलटूनही मन उदास राहते, जेवण जात नाही किंवा जीव नकोसा वाटतो, तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि ती अनेक भारतीय भाषांत चालते. धारवाडची मानसिक आरोग्य संस्थाही आपल्यापासून दोन तासांच्या आत आहे. आपल्याकडच्या अनेक वडीलधाऱ्यांना कामापुरते कन्नड येते, पण मनातले दुखणे मराठीतच सांगता येते. त्यामुळे आजी-आजोबांना किंवा आई-वडिलांना दवाखान्यात एकटे पाठवू नये. दोन्ही भाषा जाणणाऱ्या कोणीतरी सोबत जावे, आणि डॉक्टर प्रश्न विचारतील तेव्हा उत्तर त्यांनाच देऊ द्यावे.