कासवाचं प्रकरण काढून टाकलं

परवा दांडिया बाजारात समोरच्या काकू भेटल्या, हातात कोथिंबीर, म्हणाल्या, "अगं कादंबरी लिहितेस म्हणे, माशांची ना?" मी म्हटलं नाही काकू, दत्तक मुलीची आहे. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग लगेच, "हो हो, आपले महाराज पण दत्तकच की!" बडोद्यात हे असंच. दत्तक म्हटलं की १८७५ साली कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा गोपाळ, पुढे सयाजीराव झालेला, आणि विषय तिथेच संपतो. लहानपणी मी पण शाळेत ताठ मानेनं हेच सांगायचे. फरक एवढाच की त्यांना राज्य मिळालं आणि मला एक दादा, जो माझे खोडरबर पळवायचा.

दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे बडोद्याची मुलगी मरीन बायॉलॉजिस्ट कशी, इथे तर विश्वामित्री आणि तिच्यातल्या मगरी. अहो पण द्वारकेकडचं ओखामंडळ बडोदा संस्थानातच होतं, आणि संस्थानाने जेम्स हॉर्नेल या इंग्रज समुद्री प्राणिशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांचा रीतसर रिपोर्ट करून घेतलेला, पहिला भाग १९०९ चा. समुद्र आपलाच होता, जरा लांब होता इतकंच. मी पण तिकडेच, कच्छच्या आखातात ओहोटीला गुडघाभर चिखलात फिरून शिकले.

असो. तर पहिल्या ड्राफ्टमध्ये एक अख्खं प्रकरण कासवाचं होतं. मादी जिथे जन्मली साधारण त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते, तिथलं चुंबकीय क्षेत्र तिच्यात जन्मतःच ठसतं असं मानतात, आणि हे बघून माझी नायिका आपली जन्मदाती शोधायला निघते. ज्यांना वाचायला दिलं त्या सगळ्यांना तेच आवडलं, मलाच खटकत होतं. कारण मी अशा किनाऱ्यांवर रात्री काढल्यात. कासवीण खड्डा करते, अंडी घालते, वाळू लोटते आणि पाण्यात निघून जाते, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती कुठल्या कुठे. ते पिल्लू मोठं होऊन आईकडे परत येतच नसतं, वाळूकडे येतं.

मग मागच्या श्रावणात आई गेली. तेराव्याला एक नातेवाईक बाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, अगदी मुलीसारखं केलंस हो सगळं. सारखं! बाईंच्या मनात काही नसेल, पण तो एक शब्द मी चार महिने चघळत बसले, कादंबरीची फाईल उघडलीच नाही.

दिवाळीनंतर आईचं कपाट लावायला घेतलं, पैठणीच्या घडीत माझ्या बारशाचा फोटो निघाला. मी घरी आले ती आठ महिन्यांची, बारसं कसलं करायचं आता, असं आजीचं म्हणणं, पण आईनं पाळणा बांधलाच. फोटोत मी पाळण्यात मावत नाहीये, दोन्ही पाय बाहेर लोंबतायत, एका पायात वाळा आहे, दुसऱ्यातला पडलेला असणार. आई वाकून माझ्या कानात नाव सांगतेय आणि बाजूला तीन वर्षांचा दादा पाळण्याची दोरी धरून भोकाड पसरून उभा, त्याला पण आत बसायचं होतं.

त्याच रात्री कासव काढून टाकलं आणि डॉल्फिन घेतला. खरी गोष्ट आहे ही. २०१४ साली फ्रेंच पॉलिनेशियात रांगिरोआला एका बॉटलनोज डॉल्फिन मादीनं आपल्या पिल्लाबरोबर एक दुसरं पिल्लू वाढवायला घेतलं, तेही तिच्या जातीचं नाही, मेलन-हेडेड व्हेलचं (नावाला व्हेल, पण डॉल्फिनच्याच कुळातला). जवळजवळ तीन वर्षं ते तिच्याबरोबर होतं, त्या कळपासारखंच वागायचं, लाटांवर उड्या मारायचं. आणि आईच्या पोटाखालची जागा मिळवायला सख्ख्या पिल्लाला सरळ ढकलून द्यायचं! संशोधकांनी हे नोंदवून ठेवलंय. मला तर ते वाचून काय हसू आलं.

नवं प्रकरण दादाला पाठवलं. रात्री साडेअकराला फोन.

"म्हणजे हे तू आहेस."

"बरं मग?"

"आणि त्या सख्ख्या पिल्लाचं पुढे काय झालं?"

"काही काळानं दिसेनासं झालं रे."

"बघ. आणि मी अजून इथे बसून तुझे ड्राफ्ट वाचतोय."