वास घ्यायला काय हरकत आहे?

मामा माळकरी. निफाड तालुक्यात त्यांची थॉमसन या खायच्या, बिनबियांच्या द्राक्षांची 4 एकर बाग आहे आणि दारूचा थेंब त्यांनी जन्मात तोंडाला लावलेला नाही. त्यामुळे फेब्रुवारीत गावी गेले असताना "दिंडोरीकडची एखादी वायनरी बघायला येता का?" असं विचारलं, ते नकार गृहीत धरूनच. मामींनी पोळी लाटता लाटता माझ्याकडे अशी नजर टाकली की मी विषय बदलणारच होते. मामा म्हणाले, "चल. बाग कशी ठेवलीय ते तरी बघू."

पिंपळगाव बसवंतला चहा घेतला आणि दिंडोरीच्या रस्त्याला लागलो. सकाळी नऊलाही हवेत गारवा होता. निफाडचा पारा घसरला की थंडीची बातमी होते, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. त्या गार रात्रींमुळेच द्राक्षातला आंबटपणा टिकतो, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

वायनरीच्या बागेत शिरताच मामांनी एक घड तळहातावर तोलला. "हे काय, वाटाण्याएवढे मणी! जीए दिलं नाही का यांनी?"

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. खायच्या द्राक्षांचे घड त्यात बुडवतात, म्हणजे मणी लांब आणि फुगीर होतात. इथं सगळंच उलटं. आमच्याबरोबर आलेला वाइनमेकर मुलगा सांगू लागला, "आम्हाला मणी बारीकच हवा काका. रस बिनरंगी असतो, लाल वाइनचा रंग आणि बराचसा स्वाद सालीतून येतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानं साल जास्त." साल जाड हवी, आत बी हवी. मामांनी 30 वर्षं ज्या दोन गोष्टी द्राक्षातून घालवायला घाम गाळला, नेमक्या त्याच इथं लाडाच्या. "असा माल माझ्या बागेत निघाला तर व्यापारी बांधावरूनच परत जाईल," मामा म्हणाले, पण घड काही खाली ठेवला नाही.

मग त्यांनी खिशातून रसातली साखर मोजायचं आपलं ब्रिक्स मीटर काढलं (देवळात जातानाही ते खिशात असतं). शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा मणी काचेवर पिळला. 23. "आम्ही 18 ला तोडतो." ही साखरच यीस्ट खातं आणि तिची दारू होते, हे ऐकल्यावर मामांनी बोटं पँटला पुसली.

छाटणीवर मात्र दोघांचं लगेच जमलं. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडची झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटायची: एप्रिलमध्ये नव्या काडीसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी, मग वेल वाइनची असो की खायच्या द्राक्षाची. डावणी आणि भुरी हे वेलीचे रोगही दोन्हीकडे सारखेच. अवकाळीवर दोघं इतका वेळ बोलले की मी बांधावर बसून घेतलं. मध्येच मामा म्हणाले, "आमच्या शेजारच्यानं लावली होती ही द्राक्षं. मंदीच्या वेळी वायनरीनं माल उचलला नाही. कुऱ्हाड लावली त्यानं बागेला." मुलगा काही बोलला नाही.

टेस्टिंगच्या टेबलावर माझी परीक्षा होती. मी 10 वर्षं वाइन पितेय, म्हणजे खरं तर 10 वर्षं इतरांनी मान डोलावली की मीही डोलावतेय. पहिला पेला सोविन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाइनचा. मुलगा म्हणाला, "गूजबेरी, पॅशनफ्रूट." मी सवयीनं मान हलवली. गूजबेरी मी आयुष्यात पाहिलेली नाही.

मामांनी पेला आपल्याकडे ओढला. मी दचकलेच. "अगं, वास घ्यायला काय हरकत आहे?" डोळे मिटून त्यांनी नाक आत घातलं. उदबत्ती विकत घेतानाही ते असेच उभे राहतात. "कैरीची साल. आणि मिरची मोडल्यावर येतो ना, तसला हिरवा वास."

मुलगा एकदम सावरून बसला. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारं द्रव्य ज्या कुळातलं, त्याच कुळातली द्रव्यं या द्राक्षात असतात म्हणे. मी पुन्हा वास घेतला. कैरी होती! इतका वेळ ती तिथंच होती, मी मात्र गूजबेरी शोधत होते.

शिराझच्या पेल्यावर मामा म्हणाले, "जांभूळ. मागून काळी मिरी." यातही तथ्य निघालं. रोटंडोन नावाचं द्रव्य काळ्या मिरीत असतं आणि शिराझच्या सालीतही. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते ओळखलं. मामांना नाव नको होतं, घरातला मिरीचा डबा पुरेसा होता.

मी घोट घेतला. "कसं लागतंय?" त्यांनी विचारलं.

"जीभ कोरडी पडल्यासारखी. हे टॅनिन."

"तुरट म्हण की. जांभूळ खाल्ल्यावर, कच्चा आवळा चावल्यावर होतं तेच ना?"

तेच होतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड आखडतं. षड्रस शाळेत पाठ केले होते, तुरट त्यातलाच. तरी वाइनच्या पेल्यापुढं बसले की मला मराठी येईनाशी व्हायची. पुढचा घोट तोंडात धरून ठेवला. तुरटपणा जिभेवर कमी, हिरड्यांवर जास्त होता. आधी आंबट, मग जांभूळ, आणि गिळल्यावर बऱ्याच वेळानं ती मिरी. पेला संपायला अर्धा तास लागला. कुणी घाई केली नाही.

निघताना मुलानं मामांना शिराझचा एक घड दिला. बी तपकिरी झाली, चावताना कुरकुरली की द्राक्ष तयार, असं तो म्हणाला होता. परतीच्या वाटेवर कादवा नदीच्या पुलापर्यंत मामा बिया चावत होते. नंतर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "हिच्यात दम आहे."

घरी मामींनी आमच्याच बागेतली द्राक्षं ताटलीत काढून ठेवली होती. मामांनी एक मणी तोंडात टाकला आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं? आंबट आहे का?" मामी.

"नाही, गोड आहे," ते म्हणाले. मग दुसरा मणी उचलला आणि खाण्याआधी नाकाशी नेला.