चवीपुरतं

परवा दुपारी लाइट बिलांची फाइल उपसताना मधूनच एक चौघडी कागद निघाला. कडेला पीठ वाळून चिकटलेलं, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. वर इटालियन नाव, खाली साहित्य. मैदा चारशे ग्रॅम, पाणी दोनशे. पुढे तेल, मीठ, मिरची, आणि या प्रत्येकापुढे दोनच अक्षरं : क्यू. बी. म्हणजे ‘क्वांतो बास्ता’. पुरेल तेवढं.

हा कागद इटलीतल्या तोस्काना प्रांतातला, मोंतेपुल्चानो गावाजवळच्या एका शेतावरचा. तिथल्या स्वयंपाकाच्या वर्गात लेकीने मला न विचारता माझं नाव घातलं होतं. सकाळी बागेत भाजी खुडायची, दुपारी तीच रांधून जेवायची. जे घरी तीस वर्षं फुकट करतेय त्याचे युरो मोजायचे, हे माझ्या पचनी पडायला दोन दिवस लागले. इटलीत १९८५ साली कायदा झाला आणि शेतकऱ्यांना शेतीच्या जोडीने पाहुणे ठेवता यायला लागले. आपली हुरडा पार्टी शहाणी होऊन बारा महिने मुक्कामाला राहावी, तसला प्रकार.

पहिलं काम झुकिनीची फुलं खुडायचं. शिकवणाऱ्या बाई सांगायला लागल्या, बारीक देठाची, नर फुलं घ्या. मी ऐकेपर्यंत माझ्या हातात पाच होती. आजीच्या परसात गोठ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढलेला असायचा. “मागं गाठ नाही तेच घे गं, गाठीचं तोडलंस तर भोपळा कुठनं येणार?” तेसुद्धा उन्हं चढायच्या आत, कारण मग फूल मिटतं आणि आत एखादी माशी अडकलेली राहते. फूल उलटं धरून टिचकी मारायची. तिथल्या बागेतही मी टिचकी मारली. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनीही मारली. त्यानंतर आमचं भाषेवाचून काही अडलं नाही. तळणीत मात्र बेसन नव्हतं, ओवा नव्हता, नुसतं मैद्याचं पातळ पीठ. कुरकुरीत झाली होती, नाही म्हणत नाही. पण भजी म्हणणार नाही.

मग पीची. सिएनाच्या बाजूची ही जाड शेवई, बहुतेक घरी बिनअंड्याची. कणीक अर्धा तास झाकून ठेवायची, लाटून पट्ट्या कापायच्या, आणि एकेक पट्टी पाटावर तळव्याखाली मधून टोकांकडे वळत न्यायची. पाटावर पीठ भुरभुरलं की पट्टी वळायचं सोडून घसरते. पीठ नंतर, वळून झाल्यावर. बाईंची पीची वीतभराची हातभर होत होती, सगळीकडे सारखी. माझीला एका टोकाला शेपटी आणि मध्ये अजगराने उंदीर गिळल्यासारखी गाठ.

त्या गाठीकडे बघताना एकदम वाईची मावशी आठवली. मे महिन्याची दुपार, माजघरात परातीभोवती बसलेल्या बायका, भिजवलेल्या रव्याचा गोळा. कुणी बोटवे वळतंय, कुणी नखुले, आणि मावशीचे गव्हले अंगठा नि तर्जनीमधून पावसासारखे पडताहेत. माझे बघून ती म्हणाली होती, “अगं, गहू म्हटलं, लेंड्या नव्हे!” मी तिथून उठले ती थेट आंब्याच्या आढीपाशी. पुढे कुणाच्या लग्नात मुहूर्ताचे पाच गव्हले वळायची वेळ आली तरी मी हात धुवायला गेलेली असायची.

आमच्यात एक कॅनडाचे गृहस्थ होते, वही घेऊन आलेले. मीठ किती ग्रॅम? बाईंनी खांदे उडवले. लसूण किती वेळ परतायचा? पुन्हा खांदे. तो लसूण म्हणजे आल्योने, किआना खोऱ्यातला, एकेक पाकळी लिंबाएवढी आणि स्वभावाने अगदी मवाळ. तेलात मंद आचेवर विरघळेपर्यंत ठेवायचा, मग टोमॅटो. “विरघळेपर्यंत म्हणजे किती मिनिटं?” गृहस्थांचा जीव अडकला होता. मला हसू येत होतं, पण खोटं कशाला बोलू, अशी वही मावशीकडे मीही एकदा घेऊन गेले होते. गव्हल्यांच्या खिरीला दूध किती? “मावेल तेवढं.” गूळ? “बघ आता.” वैतागून वही मिटली.

जेवताना पाव आला तो चक्क अळणी. तोस्कानात पावात मीठ घालत नाहीत. मी गुपचूप मिठाचा खडा लावून खाल्ला.

तर परवा कागद सापडलाच होता म्हणून कोपऱ्यावरच्या वाण्याचा मैदा भिजवला. पीची बरी झाली, म्हणजे निम्म्या तुटल्या. कणकेची एक गोळी उरली. कुणी बघत नव्हतं, तेव्हा अंगठा नि तर्जनीत धरून गव्हले वळायला बसले. खिरीला दूध किती लागेल, हा प्रश्न मनात आला आणि तो विचारायला आता वाईला कुणी नाही, हेही. एक वळला, दोन, चार. चौथा बऱ्यापैकी गव्हासारखा होता.

तेवढ्यात बेल वाजली. सिलिंडरवाला आला होता.