पुडीवर लिहिलं होतं ‘जास्पर’

त्या दिवशी तपासणीला आलेल्या लॉटमध्ये तीसेक कॅबोशॉन (पैलू न पाडता घुमटासारखे घासलेले दगड) होते आणि झाडून सगळ्या पुड्यांवर जास्पर लिहिलेलं. बाजारात नक्षीदार, अपारदर्शक काहीही दिसलं की हेच नाव चिकटतं. म्हणून कुठला जास्पर हे नंतर. आधी मुळात जास्पर आहे का, ते बघायचं.

खरा जास्पर म्हणजे लोहाची खनिजं मिसळून अपारदर्शक झालेली सूक्ष्मकणी सिलिका. मोह्‌स मापनावर काठिण्य ६.५ ते ७, अपवर्तनांक (दगडात प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.५४च्या आसपास. चाकूचं टोक दगडाच्या मागे, कडेजवळ ओढायचं. पुढच्या पॉलिशवर कधीच नाही. करडी रेघ उमटली तर भिंगाखाली पाहावी. खाच नसेल तर झिजलंय ते पोलाद. ‘पिकासो जास्पर’ म्हणून विकला जाणारा दगड इथेच गळाला: खाच पडली, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाखाली बुडबुडे आले. अमेरिकेतल्या यूटाचा संगमरवर तो.

‘डाल्मेशियन’ मात्र चाकूला दाद देत नाही. मेक्सिकोचा हा अग्निज खडक, क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पारचा. काठिण्य जवळपास तेच, विशिष्ट गुरुत्वही फारसं वेगळं नाही. दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात दगड सावकाश फिरवला तेव्हा फेल्डस्पारचे सपाट पाटन-पृष्ठ (खनिज ज्या सपाटीवर फुटतं ती) एकेक करून चमकले. जास्परमध्ये असे सुटे कण दिसत नाहीत. काळे ठिपके टूर्मलिनचे नव्हेत, आर्फव्हेडसोनाइट या दुसऱ्या काळ्या खनिजाचे. मादागास्करचा ‘कांबाबा’ही जास्पर नसलेल्यांच्या ढिगात गेला. जीवाश्म शैवाल म्हणून तो विकतात (गोल नक्षी आहेच तशी मोहात पाडणारी), पण आहे ज्वालामुखीजन्य खडक.

‘ओशन’च्या पातळ कडेमागे टॉर्च धरल्यावर काही वर्तुळांतून उजेड आरपार आला. तेवढा भाग कॅल्सेडनी, म्हणजे उजेड आरपार जाऊ देणारी सूक्ष्मकणी सिलिका.

काळजी वाटली ती पिवळ्या-काळ्या ‘बंबलबी’ची. जावा बेटावरचा हा मऊ कार्बोनेट खडक. पिवळा रंग आर्सेनिकच्या सल्फाइडांचा. ग्राहकाला त्यातले दोन घासून अंगठीच्या मापाचे करून हवे होते. कोरडं घासणं तर नाहीच. पाण्याखाली घासलं तरी तो गाळ हाताला, कपड्यांना लागतो, वाळला की धूळ होते. मी ते काम घेतलं नाही आणि पुडीवर लाल शाईने ‘आर्सेनिक’ लिहिलं.

अहवालात जास्पर हा शब्द फक्त लाल दगडांपुढे आणि ऑस्ट्रेलियाच्या मुकाइटपुढे राहिला. मुकाइट हा रेडिओलेरिया या सूक्ष्म समुद्री जीवांच्या सांगाड्यांनी बनलेला गाळाचा खडक असल्याने काटेकोर लोक त्याला चर्ट (सिलिकेचा गाळाचा खडक) असंच म्हणतील.