अँकी बिघडत नाही, कार्डं बिघडतात

नवी भाषा शिकताना उत्साहाने अँकी (प्रश्न-उत्तरांच्या कार्डांची ठरावीक अंतराने उजळणी करून घेणारं ॲप) बसवायचं आणि दोन-तीन महिन्यांत साचलेली कार्डं बघून ते बंद करायचं, हे फार जणांचं होतं. खापर फुटतं ते अल्गोरिदमवर, म्हणजे कुठलं कार्ड केव्हा दाखवायचं ते ठरवणाऱ्या गणितावर. खरं तर तोच सगळ्यात पारखलेला भाग आहे. पिओत्र वोझ्नियाकने १९८७ मध्ये सुपरमेमो या उजळणीच्या प्रोग्रॅमसाठी तयार केलेल्या एसएम-२ पद्धतीवर अँकीचं गणित उभं आहे, आणि २०२३ च्या अखेरीपासून त्यात एफएसआरएस हा उजळणीची वेळ ठरवणारा अधिक नेमका पर्यायही आला. विसरायच्या बेताला आलेला शब्द नेमका तेव्हा समोर आणणं हे काम यंत्र चोख करतं. समोर काय आणायचं, हे मात्र आपण ठरवतो आणि घोळ तिथेच होतो.

पहिला घोळ सुट्या शब्दांचा. जर्मन शिकणारा ‘टिश’ म्हणजे टेबल असं कार्ड करतो. शब्द पाठ होतो, पण तो पुल्लिंगी आहे हे कार्डावर कुठेच नसतं, म्हणून बोलताना प्रत्येक वाक्यात अडखळायला होतं. कार्डावर पुल्लिंगाच्या ‘देअर’ या उपपदासकट ‘देअर टिश’ असंच हवं. क्रियापद असेल तर त्याच्यासोबत येणारं शब्दयोगी अव्ययही हवं: ‘वार्टन’ (वाट पाहणं) एकटं नको, ‘वार्टन आउफ’ (कुणाची तरी वाट पाहणं) हवं. लिंग, अव्यय, अनियमित रूप या गोष्टी नंतर वेगळ्या पाठ करू म्हटलं की त्या राहूनच जातात.

यावर उपाय म्हणून लोक वाक्यातली जागा रिकामी ठेवणारी क्लोझ कार्डं करतात. पद्धत चांगली, पण तिच्यातही दोन खड्डे आहेत. ‘तो रोज पुस्तक –––’ इथे वाचतो, घेतो, शोधतो, सगळंच बसतं. आपलं उत्तर भाषेच्या दृष्टीने बरोबर असूनही कार्ड चुकलं म्हणून नोंदलं जातं आणि पुन्हा पुन्हा येत राहतं. क्लोझच्या खुणेत उत्तरानंतर दोन अपूर्णविराम देऊन सूचक शब्द लिहिता येतो. तो रिकाम्या जागी दिसतो. पहिलं अक्षर किंवा मराठी अर्थ तिथे टाका. दुसरा खड्डा जास्त फसवा. आठ-दहा फेऱ्यांनंतर शब्द आठवत नसतो, वाक्याचा चेहरा ओळखीचा झालेला असतो. म्हणून वाक्य सहा-सात शब्दांचं ठेवा आणि महत्त्वाच्या शब्दासाठी दोन-तीन वेगळी वाक्यं घ्या. वाक्यात अनोळखी शब्द एकच असावा. दोन असले तर कार्ड नक्की कशामुळे चुकलं ते तुम्हालाही कळणार नाही.

रंग, वार, फळं असे गट एका दमात भरू नका. पाठ्यपुस्तकं तसंच शिकवतात, पण एकाच जातीचे नवे शब्द एकत्र आले की एकमेकांत मिसळतात. टिंकम या संशोधकाच्या १९९३ च्या प्रयोगांत असे गट असंबद्ध शब्दांपेक्षा सावकाश शिकले गेले. एक रंग पक्का झाला की मग दुसरा घ्या.

आता आवाज. यंत्राने निर्माण केलेला आवाज कामचलाऊ आहे, पण एकाच लेखनाचे दोन उच्चार असतील तिथे तो चुकू शकतो आणि चुकीचा उच्चार नियमित उजळणीने पक्का होतो. ध्वनिमुद्रित धडा असेल तर ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये त्याचे तुकडे करा. वाक्य निवडून कंट्रोल आणि बी दाबलं की तिथे लेबल लागतं. पूर्ण धड्याला लेबलं लावून झाली की एक्स्पोर्ट करताना लेबलांनुसार अनेक फाइली हा पर्याय घ्या. प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल मिळते. लेबलच्या दोन्ही टोकांना साधारण ०.२ सेकंद शांतता सोडा. अगदी काठावर कापलं की पहिलं व्यंजन जातं. ब्लूटूथ इयरफोन वापरत असाल तर सुरुवातीला अर्धा सेकंद ठेवा, कारण बरेच इयरफोन आवाज सुरू होताना जागे व्हायला वेळ घेतात आणि तेवढा भाग गिळतात. बोलण्यासाठी मोनो आणि ६४ केबीपीएस एमपी३ पुरतं: चार सेकंदांचं वाक्य ३२ केबीत बसतं, दोन हजार वाक्यं जेमतेम ६४ एमबी.

फाइलींना ‘०१’, ‘०२’ अशी नावं देऊ नका. अँकीच्या मीडिया फोल्डरमध्ये उपफोल्डर चालत नाहीत, सगळं एकाच ठिकाणी पडतं, आणि फाइली थेट तिथे टाकल्या तर तिसऱ्या धड्याची ‘०१’ पहिल्या धड्याच्या ‘०१’ला पुसून बसू शकते. नावात धड्याचा क्रमांक आधी घाला.

तक्त्यातून कार्डं आयात करताना फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. रकाने स्वल्पविरामाने नाही तर टॅबने वेगळे करा. वाक्यात स्वल्पविराम असतातच. आणि पहिला रकाना फक्त अनुक्रमांकाचा ठेवा. अँकी पहिल्या फील्डवरून, म्हणजे नोंदीतल्या पहिल्या रकान्यावरून, नोंद जुनी की नवी ते ठरवतं. तिथे मराठी अर्थ असेल आणि दोन परभाषी शब्दांचा अर्थ एकच असेल, तर ‘अपडेट’ निवडलेलं असताना दुसरा शब्द पहिल्याला गुपचूप पुसतो.

रोजच्या भाराचा हिशेब आधीच करा. सुरुवातीच्या सेटिंगनुसार रोज २० नवी कार्डं मिळतात, आणि काही आठवड्यांतच उजळणीची कार्डं नव्यांच्या आठ-दहा पट होतात. म्हणजे रोज जवळजवळ २००. एका कार्डाला नऊ सेकंद धरले तर अर्धा तास, तोही सुट्टी न घेता. रोज वीस मिनिटंच मिळत असतील तर नवी कार्डं १० वर आणा. उजळणीची मर्यादाही मुळात २०० आहे, आणि ती भरली की नवी कार्डं येणं थांबतं. हा बिघाड नव्हे. अशा वेळी मर्यादा न वाढवता नवी कार्डं शून्यावर ठेवून साचलेलं आधी संपवा.

उत्तर पाहिल्यावर किती आठवलं ते सांगणारी बटणं येतात. विसरलात तर ‘अगेन’च दाबा. वाईट वाटतं म्हणून बरेच जण ‘हार्ड’ दाबतात. पण अँकीच्या लेखी ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. त्यामुळे पुढचं अंतर वाढतं आणि एफएसआरएसचा तुमच्या स्मरणाबद्दलचा अंदाज बिघडतो. इच्छित स्मरण (उजळणीच्या वेळी किती कार्डं आठवायला हवीत ते प्रमाण) ०.९० वर राहू द्या. ०.९७ आकर्षक दिसतं, पण तिथे कार्डांची संख्या भरमसाट वाढते. एफएसआरएसने तुमच्या उजळणीवरून आपले अंदाज सुधारावेत म्हणून महिन्यातून एकदा ‘ऑप्टिमाइझ’ दाबलं की पुरे.

आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अँकी ‘लीच’ अशी खूण लावतं. त्याच्याशी झटू नका. वाक्य बदला, चित्र किंवा आवाज जोडा, नाहीतर सरळ काढून टाका.

वर्गासाठी डेक (कार्डांचा संच) बनवणाऱ्या शिक्षकांनी एक्स्पोर्ट करताना वेळापत्रकाची माहिती सोबत देण्याचा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर शिक्षकांच्या उजळणीच्या तारखा, अगदी पुढच्या वर्षीच्याही, विद्यार्थ्याच्या कार्डांना पहिल्याच दिवशी लागतात. डेक वाटल्यावर त्यात नवी फील्ड घालू नयेत. घातली तर सुधारित डेक आयात करताना जुन्या नोंदी जुळेनाशा होऊ शकतात. आवाज, उदाहरण, टीप यांच्या फील्ड रिकाम्या का होईना, पण पहिल्याच दिवशी करून ठेवाव्यात. दर महिन्याला विद्यार्थ्यांकडून लीच कार्डांची यादी मागवावी. एकच कार्ड निम्म्या वर्गाला अडत असेल तर ते बदलावं, आणि त्यामागचा मुद्दा फळ्यावर पुन्हा शिकवावा.